हजार मीटरवर नेम लावायचा आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आला आहे: वय एकतीस, पुण्यात आयटीत नोकरी, गाव बार्शीकडे, घरची शेती. हजार मीटरवरच्या लोखंडी पाटीवर गोळी लावणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले आणि हे आपल्यालाही यावं असं वाटलं. मग कोणती रायफल घ्यावी, कोणता स्कोप घ्यावा, गावाकडे शेतात सराव केला तर चालेल का, हजार मीटरपर्यंत पोहोचायला किती वर्षं लागतील, आणि उणे दीडचा चष्मा आहे तर अडेल का?

मी बरीच वर्षं पन्नास मीटर रायफल खेळले आणि आता शिकवते. त्यामुळे उत्तर त्या बाजूनं येणार हे गृहीत धरून वाचा. तुमच्या पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरं परिस्थितीवर अवलंबून आहेत. शेताच्या प्रश्नाचं मात्र एकच उत्तर आहे, म्हणून ते आधी देते.

शेतात गोळी झाडायची नाही. पॉइंट टू-टू ही रायफलीतली अगदी लहान गोळी, वजन सुमारे २.६ ग्रॅम. नळी थोडी वर असली तर तीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाते. दगडावर किंवा वाळलेल्या ढेकळावर आपटली की उसळते, आणि उसळलेली गोळी कुठे जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. उभ्या ज्वारीत वाकून काम करणारा माणूस बांधावरून दिसत नाही. रेंजवर टार्गेटमागे मातीचा उंच बांध असतो, दोन्ही बाजूंना भिंती असतात आणि कुणीतरी एकजण सतत सगळ्यांवर लक्ष ठेवून असतो. हे सगळं मिळून रेंज होते. मोकळी जागा आहे म्हणजे रेंज आहे असं नव्हे.

कायद्याचंही तसंच. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्यापुढच्या प्रत्येक रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. तो जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयातून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण त्या रायफल संघटनेचं सभासदत्व आणि स्पर्धेतली कामगिरी बघून लागू होतात. लष्करी वापराच्या बऱ्याच गोळ्यांची कॅलिबर खासगी व्यक्तीला निषिद्ध आहेत. म्हणून व्हिडिओतली रायफल मागवायची आणि शिकायला लागायचं, हा रस्ता आपल्याकडे नवशिक्याला खुला नाही. तो नाही याचं मला वाईटही वाटत नाही, कारण ज्यांना तो खुला असतो ते बहुतेक चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात.

आता अंतराबद्दल. तुम्ही पाहिलेला खेळ खरा आहे आणि फार सुंदर आहे. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या बिस्लीला १८९० पासून तो चालतो, आणि तिथल्या स्टिकलडाउन रेंजवर १२०० यार्डांपर्यंत खेळतात. पाल्मा स्पर्धेत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर गोळ्या मारतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातही असे क्लब आहेत, आणि नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या मराठी माणसानं जवळच्या क्लबात जाऊन जरूर चौकशी करावी. भारतात साध्या नागरिकाच्या आवाक्यात मात्र दोन अंतरं आहेत, दहा मीटर एअर रायफल आणि पन्नास मीटर पॉइंट टू-टू. तीनशे मीटर बिग बोअर, म्हणजे मोठ्या गोळीची रायफल, आपल्याकडेही खेळतात, पण त्या रेंज बहुतेक लष्कराकडे आणि निमलष्करी दलांकडे आहेत. या प्रकारातली पुढची नावंही जास्त करून फौजेतली असतात. तीनशे मीटर रायफल ऑलिम्पिकमध्ये शेवटची खेळली गेली ती १९७२ मध्ये, म्युनिकला.

हे वाचून तुमची निराशा झाली असेल, तर एक हिशोब करून बघा. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तीनशे मीटरच्या टार्गेटवर ते १०० मिलिमीटरचं असतं. अंतर सहापट झालं, म्हणून १०.४ ला सहानं गुणा. येतात ६२.४. म्हणजे पन्नास मीटरचा दहा कोनाच्या मापात तीनशे मीटरच्या दहापेक्षा बराच लहान आहे. तोच हजार मीटरवर नेऊन ठेवला तर साधारण २१ सेंटिमीटरचं वर्तुळ होतं, जेवायच्या ताटापेक्षा लहान. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या शातोरूच्या रेंजवर तीन पोझिशनच्या फायनलमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं ते याच वर्तुळावर, आणि स्कोपशिवाय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. नीलिंगनंतर (गुडघ्यावर बसून) सहावा, प्रोननंतर (पालथं पडून) पाचवा होता, आणि स्टँडिंगमध्ये (उभ्यानं) वर आला. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, तीही याच वर्तुळावर. तेव्हा पन्नास मीटरला जवळचं अंतर समजू नका. लांब पल्ल्याला जे काही लागतं ते सगळं इथे शिकता येतं. फक्त टार्गेटपर्यंत चालत जायला कमी वेळ लागतो.

मग नेमकं काय शिकायचं असतं? माझ्या मते सगळं एका प्रश्नाशी येऊन थांबतं. गोळी सुटली त्या क्षणी, टार्गेटकडे किंवा मॉनिटरकडे न बघता, ती कुठे लागली असेल हे तुम्हाला सांगता येतं का? रेंजवर याला शॉट कॉल करणं म्हणतात. घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत सांगायचं, जसं ‘चारला नऊ’, म्हणजे चारच्या दिशेला नऊ गुणांचा फटका, किंवा ‘मधला दहा, किंचित वर’. ट्रिगर तुटला, म्हणजे दाबता दाबता सुटला, त्या निमिषाला नळीच्या टोकावरच्या फ्रंट साइटच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल कुठे होता, हे डोळ्यानं टिपलेलं असलं तरच कॉल करता येतो. ज्यानं डोळे मिचकावले, किंवा जो ट्रिगर दाबल्याबरोबर स्कोर बघायला मान वळवतो, त्याला तो सांगता येत नाही.

मी याला एवढं महत्त्व का देते ते सांगते. गोळी मधोमध लागली नाही, तर कारणं चारच असतात: तुम्ही, वारा, गोळी-रायफल, किंवा साइटची मांडणी. टार्गेटवर चौघांची भोकं सारखीच दिसतात. ती वेगळी करायचं एकमेव साधन म्हणजे कॉल. तुम्ही ‘तीनला नऊ’ म्हणालात आणि गोळी तीनला नऊच लागली, तर वाऱ्याला आणि रायफलीला बोल लावायचं कारण नाही. चूक तुमची होती आणि तुम्हाला ती दिसलीही, म्हणजे ती दुरुस्त होणार. तुम्ही ‘मधला दहा’ म्हणालात आणि एकामागून एक गोळ्या उजवीकडे एकाच जागी जाऊ लागल्या, तर साइटला क्लिक द्यायची, म्हणजे तिची चाकी खटक्यानं थोडी फिरवायची, वेळ आली किंवा वारा बदलला. आणि कॉल सगळे मधले असूनही गोळ्या चहूकडे विखुरल्या, तर गोळ्यांचा लॉट, रायफलीचे सैल स्क्रू किंवा तुमच्या गालाची ठेवण तपासायची. गाल दर वेळी चीक पीसवर, म्हणजे रायफलीच्या गाल टेकायच्या भागावर, वेगळ्या जागी टेकला तर डोळा मागच्या, रिअर साइटच्या भोकामागे वेगळ्या ठिकाणी येतो. चित्र ठीक दिसतं आणि गोळी भलतीकडे जाते. माझ्याकडच्या एका मुलीचे कॉल उत्तम होते आणि गोळ्या डावी-उजवीकडे पसरत होत्या. तिच्या घरचे नवी रायफल घ्यायला निघाले होते. शेवटी चीक पीस थोडा वर घेतला आणि तो पसारा आवरला. तिच्या वहीत कॉल लिहिलेले नसते, तर आम्हाला तिथपर्यंत पोहोचता आलं नसतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. प्रत्येक गोळीसाठी आधी कॉल लिहायचा, मग बघायचं, मग खरा फटका लिहायचा. पुढे जमायला लागलं की वाऱ्याची दिशाही. सुरुवातीला कॉल आणि फटका जुळणार नाहीत, त्याची चिंता करू नका. कंटाळवाणं काम आहे आणि निम्मे लोक ते सोडून देतात. पण हजार मीटरवर वारा वाचणारे जे खरे जाणकार आहेत, त्यांचं सगळं याच पायावर उभं आहे. स्वतःच्या शॉटची खात्री नसलेला माणूस वाऱ्याची दुरुस्ती करतो तेव्हा अर्ध्या वेळा स्वतःच्या चुकीवर क्लिक देतो. पुढची गोळी त्यामुळे आणखी लांब जाते, आणि मग तो परत उलट क्लिक देतो.

आता शिकण्याच्या क्रमाकडे येते. पुण्यात आहात म्हणजे नशीबवान आहात. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात दहा, पंचवीस आणि पन्नास मीटरच्या रेंज आहेत, आणि शहरात दहा मीटरचे बरेच क्लब आहेत. पहिले काही महिने क्लबची रायफल, क्लबचं जॅकेट आणि क्लबचाच प्रशिक्षक पुरे. विकत काहीही घेऊ नका. तुमच्या अंगाला कोणता बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), किती लांबीचा स्टॉक (रायफलीचा दस्ता), कसली पकड मानवते हे पोझिशन बसल्याशिवाय कळत नाही. आधी घेतलेली वस्तू नंतर निम्म्या किमतीला विकावी लागते. स्पर्धेच्या दर्जाची एअर रायफल लाखाच्या घरात जाते, म्हणून हे आवर्जून सांगते.

दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं जाते. वेग कमी असल्यामुळे ट्रिगर तुटल्यावरही पेलेट काही क्षण नळीतच असते, आणि तेवढ्यात तुम्ही हललात तर ती हालचाल टार्गेटवर उमटते. फॉलो थ्रू शिकवायला एअर रायफलीसारखा दुसरा गुरू नाही. शॉट सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच राहायचं, ट्रिगर मागेच धरायचा, डोळा साइटवरच ठेवायचा. कॉल करायला शिकण्याची जागाही हीच.

तिथे गोळ्यांचा गट लहान होऊ लागला की पन्नास मीटर प्रोन. इथे मी थोडं सविस्तर लिहिते, कारण लांब पल्ल्याच्या सगळ्या प्रकारांचा पाया प्रोन आहे.

प्रोनमध्ये रायफल स्नायूंनी धरायची नसते. डाव्या हाताचं हाड खाली, स्लिंगचा, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याचा, ताण बाजूनं, आणि दोन्हींच्या मध्ये रायफल विसावलेली. नियमाप्रमाणे डाव्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. स्लिंग घट्ट लागते, पहिले काही आठवडे हाताला मुंग्या येतात. ती दंडावर वर बांधली तर नाडीचा ठोका साइटमध्ये कमी दिसतो. उजवा गुडघा थोडा वर ओढून घेतला की पोट जमिनीपासून सुटतं आणि श्वास मोकळा होतो. मग सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. रिंगमध्ये काळा गोल आहे का? बाजूला सरकला असेल तर रायफल हातानं ढकलून मध्ये आणायची नाही. डावं कोपर तसंच ठेवून कमरेखालचं अंग सरकवायचं. हातानं ढकलून आणलेली रायफल ट्रिगर तुटताना आपल्या मूळ जागी परत जाते, आणि ते तुमच्या डोळ्याला कळेपर्यंत गोळी गेलेली असते. प्रोनमध्ये श्वास घेतला की नळी खाली जाते, सोडला की वर येते. चित्र शांतपणे खालून वर येऊन मध्ये थांबत असेल तर पोझिशन नीट आहे. तिरकं येत असेल तर कुठेतरी ओढ आहे. श्वास रोखल्यावर सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर सोडून द्या आणि पुन्हा सुरू करा. त्यानंतर डोळ्यात जुनंच चित्र अडकून बसतं आणि तुम्हाला ते खरं वाटत राहतं.

यातलं बरंचसं गोळीशिवाय होतं. ड्राय फायरिंग म्हणजे रायफल रिकामी असल्याची खात्री करून, योग्य ती सोय वापरून, फक्त ट्रिगरचा सराव. यात धक्का नसतो, आवाज नसतो, स्कोर नसतो. ट्रिगर तुटताना रिंग हलली का एवढंच बघायचं. आठवड्यात रेंजवर दोनदाच जाता येत असेल तरी रोज अर्धा तास ड्राय केलेला माणूस पुढे जातो, हे मी वारंवार पाहिलं आहे. नोकरी करणाऱ्यासाठी हीच खरी वाट आहे. मात्र घरी ड्राय करताना रायफलीची सगळी शिस्त रेंजवरचीच: नळी भिंतीकडे, त्या खोलीत एकही गोळी नाही, चेंबर दर वेळी डोळ्यानं तपासलेला.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी क्लबची एअर रायफल आणि कॉलची वही, मग पन्नास मीटर प्रोन, रोजचा ड्राय, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. आता वाऱ्याकडे वळू, कारण तुमच्या व्हिडिओतली खरी जादू वाऱ्यात आहे.

गोळी जितका वेळ हवेत असते तितका वेळ वारा तिला ढकलतो, असं सगळ्यांना वाटतं. हिशोब थोडा वेगळा आहे. हवेनं गोळीला किती उशीर केला, यावर तिचं सरकणं ठरतं. पॉइंट टू-टूची मॅच गोळी सेकंदाला सुमारे ३२७ मीटर वेगानं सुटते. हवेचा विरोध नसता तर पन्नास मीटर जायला तिला ०.१५३ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात साधारण ०.१५९ लागतात. फरक सेकंदाच्या सहा सहस्रांशाचा. बाजूनं सेकंदाला एक मीटर वारा असेल, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतका, तर गोळी सुमारे सहा मिलिमीटर सरकते. दोन मीटर असेल तर बारा. पन्नास मीटरच्या टार्गेटवर एका वर्तुळापासून दुसरं आठ मिलिमीटरवर आहे, आणि गोळीची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे अगदी निर्दोष सोडलेला शॉट एक मीटर वाऱ्यात कसाबसा दहा राहतो, दोन मीटर वाऱ्यात नऊ होतो आणि तीन मीटरमध्ये आठ. पॉइंट थ्री-झिरो-एटसारख्या मोठ्या गोळीला तीनशे मीटरवर तोच एक मीटर वारा साधारण पाच सेंटिमीटर सरकवतो. अंतर वाढलं की हा आकडा अंतरापेक्षा वेगानं वाढतो, कारण गोळी जितकी पुढे जाते तितकी मंदावत जाते आणि उशीर साचत जातो. म्हणूनच हजार मीटरवर उंचीची दुरुस्ती तक्त्यातून मिळते, पण वाऱ्याची माणसालाच ठरवावी लागते.

या हिशोबातून एक गोष्ट निघते जी नवीन मुलांना पटत नाही. जास्त वेगाची पॉइंट टू-टू गोळी वाऱ्यात कमी सरकत नाही, उलट जास्त सरकते. ती ध्वनीपेक्षा जास्त वेगानं सुटते आणि त्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो, त्यामुळे तिला उशीरही जास्त होतो. स्पर्धेच्या गोळ्या ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या ठेवतात त्यामागे हे मोठं कारण आहे. दुसरी गोष्ट: गोळी फक्त आडवी सरकत नाही. नळीतल्या खाचा उजव्या वळणाच्या असतील, आणि बहुतेक असतातच, तर उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात ती डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली. घड्याळात दहा आणि चार यांना जोडणारी तिरकी रेघ काढा, त्या रेघेवर फटके पडतात. वहीत कॉल मधले आणि फटके या रेघेवर दिसले, तर तो वाराच आहे.

रेंजवर वारा वाचण्यासाठी झेंडे असतात. पन्नास मीटरच्या रेंजवर ते दहा आणि तीस मीटरवर लावलेले असतात. जवळचा झेंडा जास्त महत्त्वाचा धरा. सुरुवातीलाच वळलेली गोळी उरलेलं सगळं अंतर त्याच तिरक्या दिशेनं जाते. माझी पद्धत अशी की साइटर्सच्या, म्हणजे मॅचआधीच्या चाचणी गोळ्यांच्या, वेळातच त्या दिवशी कोणता वारा जास्त वेळ टिकतो ते ठरवायचं, त्या वाऱ्यावर झिरो करायचं, म्हणजे गोळी मधोमध लागेल अशी साइट लावायची, आणि मॅचच्या गोळ्या तो वारा असेल तेव्हाच सोडायच्या. झेंडा उलटला की रायफल खांद्यावरून उतरवून वाट बघायची. पुण्यात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो आणि तो एकसारखा नसतो, झुळकांनी येतो. अशा दिवशी वाट बघण्याचं धैर्य हेच कौशल्य असतं. वारा मंद असेल आणि ऊन कडक, तर स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे टार्गेट बघायच्या दुर्बिणीतून, मिराज बघायला शिका. तापलेल्या हवेच्या लाटा ज्या बाजूला वाहतात त्या बाजूला वारा आहे. त्या सरळ वर उकळताना दिसल्या तर सावध व्हा, वारा बहुधा दिशा बदलण्याच्या बेतात असतो.

गोळ्यांबद्दल एवढंच, की एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट एकाच रायफलीत वेगवेगळे वागतात. रायफल घ्याल तेव्हा निरनिराळे लॉट तपासा, आणि प्रत्येकाचा दहा-दहा गोळ्यांचा गट बघा. तीन गोळ्यांचा गट फसवा असतो. तीन गोळ्या योगायोगानंही एका भोकात जातात, आणि त्याच गटाचा फोटो लोक सगळ्यांना दाखवत फिरतात.

किती वर्षं लागतील? तुम्ही आठवड्याला किती वेळ देता, प्रशिक्षक कसा मिळतो, रेंजवर पन्नास मीटरची लेन किती वेळा मिळते, यावर ते ठरतं. नियमित येणाऱ्या प्रौढ माणसाचे कॉल सहसा वर्षभरात जुळू लागतात. वाऱ्याचं भान यायला त्याहून बराच जास्त काळ लागतो, आणि तो मोजायचा तर वेगवेगळ्या ऋतूंमध्ये मोजावा लागतो. एकतिसावं वर्ष या खेळात उशिराचं नाही. शांत बसता येणं आणि स्वतःबद्दल खरं लिहिता येणं हे विशीपेक्षा तिशीत सोपं जातं. वर्षभरानं जिल्हा आणि राज्य पातळीच्या स्पर्धेत जरूर उतरा. पदकासाठी नव्हे, तर ठरलेल्या वेळात, अनोळखी लेनवर, आपले कॉल टिकतात का हे बघायला. पुढे परवाना हवा झाला तर या स्पर्धांतले स्कोर उपयोगी पडतात.

स्कोपचा प्रश्न मी मागे ठेवला, कारण आपल्याकडच्या ऑलिम्पिक पद्धतीच्या रायफलीवर स्कोप चालतच नाही. मागे बारीक भोकाची साइट, पुढे रिंग, एवढंच. पुढेमागे परदेशात हजार यार्डांवर खेळायची संधी आली तर स्कोप घेताना तो किती मोठं दाखवतो ते शेवटी बघा. आधी क्लिक खरे आहेत का ते बघा. पाव मिनिटाचा (कोनाच्या अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट) क्लिक शंभर मीटरवर सात मिलिमीटरच्या थोडा वर सरकला पाहिजे. तो दर वेळी तेवढाच सरकतो का आणि परत फिरवल्यावर मूळ जागी येतो का, हे कागदावर गोळ्या मारून तपासायचं. पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष काढायची, चाकी त्या अंतराला लावायची, नाहीतर गालाची ठेवण चुकल्यावर साध्या साइटमध्ये जे होतं तेच इथेही होईल.

आणि चष्मा. उणे दीडमुळे काहीही अडत नाही. अनेक चांगले नेमबाज चष्मा लावतात. अडचण नंबराची नसते, चष्म्याच्या जागेची असते. प्रोनमध्ये मान खाली आणि थोडी तिरकी असते, त्यामुळे तुम्ही काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघता, आणि तिथून बघितलं तर चित्र वाकतं. म्हणून नेमबाजीची वेगळी फ्रेम मिळते. तिची काच डोळ्यासमोर सरळ आणता येते. नंबरही दूरचा पूर्ण द्यायचा नसतो. डोळ्याला स्पष्ट हवी असते ती फ्रंट साइट, टार्गेट किंचित धूसर चालतं. साधारणपणे दूरच्या नंबरात पाव ते अर्धा अधिक करतात, म्हणजे तुमचा उणे दीड हा उणे सव्वा ते उणे एकच्या दरम्यान येईल. नेमका आकडा नेत्रतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्याकडे जाताना पोझिशनमध्ये पडून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून टेपनं मोजून घ्या. साधारण मीटरभर भरतं. दुसरा डोळा मिटून घेऊ नका, त्यानं नेमाचा डोळाही ताणतो. त्याच्यापुढे अर्धपारदर्शक पांढरी पट्टी लावा. ही फ्रेम पहिल्याच महिन्यात घेऊ नका. पोझिशन बसेपर्यंत डोक्याची ठेवण बदलत राहते. तोवर रोजचाच चष्मा घट्ट दोरी लावून वापरा, क्लबमध्ये बरेच जण तसंच करतात.